बांधलेली शीव

आमच्या घरात दुपारचं जातं फिरत नसे. पहाटे फिरे, दिवेलागणीच्या आधी कधीमधी फिरे, पण ऊन डोक्यावर आलं की जात्यावर गोणपाट पडायचं ते पडायचंच. पुढं धाकट्या भावाची बायको घरात आली तिला हे काय ठाऊक? तिनं एकदा भर दुपारी जवारीची टोपली घेऊन खुंटा धरला, तर माय ओसरीवरून धावत आली आणि तिचा हात धरला. "आत्ता नाई, पोरी. दुपारचं नाई." भावजयीला वाटलं, सासूबाई शास्त्र सांगताहेत. शास्त्र कसलं डोंबलाचं! त्या जात्याच्या घरघरीखाली आमच्या घरानं एका पावसाळ्यात एक हाक दाबली होती. मी आता नव्वदीला टेकले. एक कान गेला, दुसऱ्याला यंत्र लावलंय, नातू समोर बसून बोलतो ते मला धड कळत नाही. पण ती हाक कळते. अजून येते, दुपारीच येते, आणि मी आदिलाबादच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पंख्याखाली पडल्या पडल्या उठून बसते.

आमचं गाव बाजारहत्नूरच्या वाटेवर, सागाच्या डोंगराला पाठ लावून बसलेलं. गावाला वळसा घालून ओढा, आणि ओढ्यापलीकडं एक भलंमोठं मोहाचं झाड. ते झाड म्हणजे आमची शीव. त्याच्या पुढं रान आणि रानात गोंडांचा पाडा. राज्य निजामाचं होतं, पण निजाम आम्ही कशाला पाहायला बसलोय! आमचं सरकार म्हणजे आमचे बाबा. बाबा गावचे पोलीस पाटील. कचेरीतले लोक त्यांना 'पटेल' म्हणत, कोमटी दुकानदार तेलुगूत काहीतरी आदरानं म्हणे, आणि गाव नुसतं 'पाटील' म्हणे. घरात आम्ही आपली मराठी बोलायचो, तीही अशी की पुढं मी मास्तरीण झाले तेव्हा शाळेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसा म्हटलं. ज्या भाषेत मायनं अंबाडीची भाजी वाढली ती भाषा मला पुरेशी होती. अंबाडीची भाजी, तिच्यात जवारीच्या कण्या, वरून लसणाची खमंग फोडणी, आणि पाटीत उतरत्या गरम भाकरी. बाबा जेवताना पागोटं उतरवून शेजारी पाटावर ठेवायचे. त्या पागोट्यालाही एक पाट असे, बरं का! आम्हा पोरींना जमिनीवर बसवून पागोटं पाटावर. आक्का, माझी थोरली बहीण, हळूच म्हणायची, "त्यालेबी एक भाकर वाढ गं माय." बाबा हसू दाबायचे.

बाबा न्यायाचे फार कडक होते. ती कडकाई सोंगाची नव्हती, हे मला इथं लिहून ठेवलंच पाहिजे. आमच्या घरची बैलजोडी होती चांद्या आणि ढवळ्या. पोळ्याला तोरणाखालून पहिली जायची ती हीच. त्यातला चांद्या एकदा दावं तोडून बकारामकाकांच्या तुरीत शिरला. बकारामकाका आमच्या शेताशेजारचे शेतकरी, बायको वारलेली, घरात एकुलती एक मुलगी जनी. ते बिचारे म्हणत होते, "जाऊ द्या पाटील, मुकं जनावर." पण बाबांनी स्वतः चांद्याचा कासरा धरून त्याला कोंडवाड्यात नेऊन बांधलं. चांद्या रात्रभर हंबरत राहिला आणि बाबा अंथरुणावर बसून राहिले. गाव म्हणायचं, आपला पाटील घरच्या बैलालेबी सोडत नाई. हे ऐकलं की बाबांचा चेहरा उजळायचा. मला वाटतं, तीच त्यांची खरी मिरास होती आणि त्यांचा सगळा अभिमान तिच्यात होता.

त्या वर्षी आषाढात पटकी आली. आमच्याकडं पटकीचं नाव घेत नसत, 'मरीमाय फिरून राह्यली' असं म्हणत. आजूबाजूच्या गावांतून बातम्या यायच्या, सकाळी एक यायची आणि संध्याकाळी ती जुनी झालेली असायची. कचेरीतून माणूस येऊन विहिरीत लाल औषध टाकून गेला. पण गावाचा भरवसा जुन्या उपायावर, म्हणजे शीव बांधण्यावर. मरीमायच्या पारावर सगळं गाव जमलं. पाच वाटांवर निंबाच्या डहाळ्यांची दोरी बांधली. बाबांनी नारळ फोडला आणि कायदा सांगितला. बाहेरचा आत येणार नाही, आतला बाहेर जाणार नाही. गावची लेक असो की जावई असो. मोडील त्याच्या घरचं पाणी आणि विस्तव बंद. तेवढं सगळेच पाटील सांगत. बाबांनी आणखी एक जोडलं, जे त्यांना कोणी मागितलं नव्हतं. पागोट्याला हात लावून ते म्हणाले, "अन् मोडनारा म्या असलो, तं हे पागोटं याच पारावर उतरवून ठेवीन. कायदा पयला मले, मंग तुमाले." लोकांनी मरीमायचा जयजयकार केला. मी मायचा पदर धरून उभी होते आणि माझी छाती अभिमानानं फुगली होती. काय ते वेडं वय!

जनी आणि आमची आक्का एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन नदीपलीकडच्या दोन गावांत गेल्या होत्या. दोघी लहानपणापासून एका ताटात जेवलेल्या. माझे केस जनी विंचरायची, कारण आक्का ओढून विंचरायची आणि जनीचा हात हलका होता. विंचरता विंचरता ती माझ्या कानात नवऱ्याच्या गोष्टी सांगायची आणि स्वतःच लाजून माझ्या डोक्यात टपली मारायची.

ती आली तेव्हा दुपार होती. पाऊस उघडला होता, ओढा गुडघाभर वाहत होता. पलीकडून हाक आली, "बाबा! ओ बाबा!" मी धावत गेले. मोहाखाली जनी उभी, आपल्या बापाला बोलावत. अंगावर एक लुगडं, हातात काही नाही. बकारामकाका शेतातून चिखलानं भरलेल्या पायांनीच आले. तिनं अलीकडं न येता तिथूनच सांगितलं. तिच्या घरात नवरा गेला, सासू गेली, आता कोणी नाही. ती ओढ्यात पाय घालणार एवढ्यात बाबा आले. मागं सारं गाव. बाबा मोठ्यानं म्हणाले, "जने, थांब तिथंच." ती थांबली. पोटच्या पोरीसारखी ऐकायची ती त्यांचं.

"पाटीलकाका, मले काई नाई झालं. पाहा ना, धडधाकट हावो."

"शीव बांधली हाये पोरी."

"गोठ्यात राहीन ना काका. तुमच्या गोठ्यात राहीन. कोनाले शिवनार नाई, कोनाशी बोलनार नाई. लांबून भाकर टाका फक्त."

बाबांनी बकारामकाकांकडं पाहिलं. मला वाटतं त्या क्षणी बकारामकाका पाण्यात उतरले असते तर बाबांनी त्यांना अडवलं नसतं. पण बकारामकाकांनी बाबांकडं पाहिलं आणि विचारलं, "काय करू पाटील?" बाबा म्हणाले, "कायदा सगळ्याइले एक, बकाराम." आणि बकारामकाकांनी मान डोलावली. ओढ्याच्या काठावर बसले ते चिखलात, डोकं गुडघ्यात घालून. मायनं फडक्यात भाकरी बांधून पलीकडं फेकल्या. जनीनं त्या उचलल्या आणि मला म्हणाली, "यमे, तुझ्या मायले सांग ना गं." मी मायकडं पाहिलं. मायनं तोंड फिरवलं.

ती गेली नाही. मोहाखालीच बसून राहिली. आमचं घर ओढ्याला सगळ्यांत जवळ. सकाळी गुरं-माणसं गलका करत, तेव्हा काही वाटत नसे. पण दुपारी गाव निपचित पडे आणि मग तिची हाक यायची. आधी बापाला, मग पाटीलकाकांना, मग मायला, मग माझं नाव. मोठ्यानं नाही. आता ओरडायला तिच्यात त्राण नव्हतं. बाबा ओसरीवर उभे राहून मायला म्हणाले, "जातं फिरव." माय म्हणाली, "दळन हाये घरात." बाबा म्हणाले, "तरी फिरव." मायनं जातं धरलं. समोर मला बसवलं. आम्ही दोघी दळत होतो आणि मायच्या डोळ्यांतलं पाणी थेट पिठात पडत होतं. त्या पिठाची भाकर मायनं कधी केली नाही. सगळं पीठ आंबोणात मिसळून गुरांना घातलं. पुढं एक दुपार अशी आली की आम्ही जातं थांबवलं आणि बाहेर काही ऐकू आलं नाही. मग पाड्यावरचा एक म्हातारा गोंड पलीकडच्या काठाला आला. त्यानं हात तोंडाशी धरून सांगितलं की तुमची पोरगी परतीच्या वाटेवर पडली होती, आम्ही तिला माती दिली. पाड्यावरच्या बायांनी तिला शेवटचं पाणी पाजलं म्हणे. पाड्यानंसुद्धा वाट बंद केली होती. पण बाई मरताना पाणी मागत होती, तेव्हा बायांनी बंदी पाहिली नाही, म्हणाला.

काही वर्षांपूर्वी त्या नव्या रोगापायी सगळं जग असंच बंद झालं, तेव्हा मी याच खोलीत होते. टीव्हीवर रोज कुठल्या तरी मुलखातला कोणी तरी मंत्री सापडायचा. लोकांना घरात कोंडणारा, आणि स्वतः मेजवानीला गेलेला. मग चार माणसं चार चौकटींत बसून भांडायची, राजीनामा द्यावा की देऊ नये. माझा नातू वकील आहे. तो तावातावानं म्हणायचा, "दिलाच पाहिजे, आजी! ज्यानं कायदा केला त्यानंच मोडला तर मग उरलं काय?" खरं आहे रे. मीही तेच म्हणते, द्यावा, आणि लगेच द्यावा. पण त्याला वाटतं, राजीनामा दिला की हिशेब मिटला. मी यंत्र कानातून काढून ठेवते.

जनी गेल्याची खबर आली आणि बाबांचा धीर सुटला. ते जेवायला बसत, घास हातात धरून ओढ्याकडं पाहत बसत. अशातच आक्काच्या सासरीही मरीमाय शिरल्याचं कानावर आलं. कोणी आणलं, कसं आणलं, देव जाणे. शिवा बांधल्या तरी बातम्या थांबत नाहीत. त्यानंतर बाबांनी एके सकाळी चांद्या-ढवळ्याला गाडी जुंपली आणि 'गवत आनतो' म्हणून डोंगराकडं गेले. पाटलाला शिवेवर कोण हटकणार? दुपारी गाव झोपलं असताना गाडी परत आली, गवतानं शिगोशीग भरलेली. गाडी अंगणात न थांबता थेट गोठ्यात गेली. माय मागोमाग गेली, मी मायच्या मागं. बाबांनी गवत बाजूला सारलं. खाली आक्का.

मायनं तिला उराशी धरलं आणि अशी रडली की आवाज फुटू नये म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबला. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू! आक्का जिवंत होती, धडधाकट होती, भूक लागली म्हणत होती. मग मायनं डोळे पुसले आणि गोठा पाहिला. दावणीशी पसरलेलं गवत, कोपऱ्यात पाण्याचं मडकं, सगळं बाबांनी आधीच मांडून ठेवलेलं. ती बाबांना म्हणाली, "गोठाच मांगत होती ना ती? हाच गोठा." बाबा बैलाच्या मानेवरचं जू उतरवत होते. त्यांचे हात थांबले, पण ते वळले नाहीत. म्हणाले, "दोन पोरी कश्या जाऊ देऊ वं?" त्यात कायद्याचं काही नव्हतं आणि पाटलाचंही काही नव्हतं. बाप बोलत होता. मला बाबांचा राग येतो तेव्हा मी हे वाक्य आठवते. राग कमी होत नाही, पण रडू येतं.

आक्का गोठ्यात राहिली. त्या पहिल्या मिठीनंतर कोणाला शिवली नाही. लांबून भाकर सरकवायची, तिनं खायची. जनीबद्दल तिला कोणी सांगितलं नाही. माय म्हणाली, सध्या नको, हबकून जाईल. आक्का सारखी विचारायची, जनी कशी आहे, तिकडं बरं आहे ना, आणि माय भाकरीचं ताट आपटून निघून जायची.

आणि मग ते झालं. बकारामकाकांचं जू मोडलं होतं. आमच्याकडं जास्तीचं असे, ते गोठ्यातच टांगलेलं. घरातल्यासारखा माणूस, विचारायचं कशाला, म्हणून ते सरळ गोठ्यात शिरले. मी आक्काला ताक द्यायला गेले होते, दारातच थबकले. आक्का त्यांना पाहून हरखली. पदर सावरत उठली.

"काका! या ना. लांबून बोला पन. म्या शिवत नाई कोनाले."

बकारामकाका उभे होते तसेच उभे. त्यांनी विचारलं, "कवा आली, बाई?"

"झाले की लय दिस. बाबानं आनलं गवताखाली घालून." ती हसली सुद्धा. "काका, जनीले निरोप धाडा ना माझा. म्हना, मी हाये म्हनावं इथं. शीव सुटली की ये म्हनावं."

बकारामकाकांनी तिच्याकडं असं पाहिलं, जसं ते ओढ्यापलीकडं पाहायचे. मग म्हणाले, "सांगतो."

एवढंच. जू न घेता ते बाहेर पडले. माझ्या अंगावरून गेले, मला दिसलेच नाहीत ते. मी बारा-चौदा गावांत शिकवलं, हजारो माणसांची बोलणी ऐकली. त्या एका 'सांगतो'पुढं मला सगळी माणसं उगाच बडबड करतात असं वाटतं.

त्याच संध्याकाळी मायनं आक्काला सगळं सांगितलं. आक्का रडली नाही. तिनं दावणीतलं गवत हातात घेतलं आणि काडी काडी मोडत बसली. बाबा रोज वाट पाहत होते की बकारामकाका पारावर उभे राहून ओरडतील. ते ओरडले नाहीत. कोणालाच बोलले नाहीत. रोग ओसरला, बाबांनी शीव सोडली, निंबाच्या दोऱ्या ओढ्यात सोडून दिल्या. आक्का त्याच सकाळी पायी सासरी निघून गेली. ओढा उतरून मोहाखाली जराशी थांबली, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि मागं न पाहता गेली. आणि पोळा आला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. बाबा चांद्याचा खांदा चोळत होते. माय डाळ निवडत बसली होती. ती म्हणाली, "उद्या ही जोडी तोरनाखालून पयली गेली, तं म्या पुरनाले हात लावनार नाई." बाबा म्हणाले, "लोकाइले काय सांगू?" माय म्हणाली, "पारावर सांगितलं होतं तेच." मग ती उठली, पाटावरचं पागोटं उचललं, झटकलं आणि त्यांच्या पुढं ठेवून आत गेली. आयुष्यात मायनं बाबांना अशी अट घातल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुरण घातलं, म्हणजे तिनं बाबांवर भरवसा टाकला होता.

दुपार कलली. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण, बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली, वाजंत्री तापलेली. पाटलाची जोडी गेल्याशिवाय पोळा फुटत नाही, म्हणून सगळे मागं वळून पाहू लागले. आमची जोडी रांगेच्या अगदी शेवटी उभी होती. अंगावर झूल नाही, शिंगाला बेगड नाही. बाबा कासरा धरून उभे होते. "पुढं या ना पाटील, खोळंबले सारे," कोणी तरी म्हणालं. बाबा चालत पारापाशी गेले, पागोटं उतरवलं आणि मरीमायपुढं ठेवलं. त्यांचं उघडं डोकं मी गावात पहिल्यांदा पाहिलं. केस किती पांढरे झाले होते!

"शीव म्या मोडली," ते म्हणाले. "आपली पोरगी याच बैलाइच्या गाडीत लपवून आनली. गोठ्यात ठेवली. पाटीलकी आजपासून सोडली."

वाजंत्री थांबली. मला वाटलं, आता लोक दगड मारतील. कसलं काय! आधी कुजबुज झाली आणि मग म्हातारे कोतारे पुढं झाले. "पोटची पोर हाये पाटील, कोन आनत नाई?" "अन् झालं का काई? कोनाले ढाळ नाई, वांती नाई. काईच तं झालं नाई ना!" "घाला पागोटं, बैलं तानून राह्यले." अहो, गाव त्यांना माफ करायला निघालं होतं! तेव्हा बायकांच्या घोळक्यातून माय ओरडली, "काई झालं नाई हेच तं झालं! आक्का आली अन् काई झालं नाई. मंग जनी आली असती तं काय झालं असतं?"

बकारामकाका वेशीच्या दगडाला टेकून बसले होते. लेक गेलेला माणूस, बैल घरीच बांधलेले. ते उठून पारापाशी आले. बाबा त्यांच्यापुढं हात जोडून उभे राहिले. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पागोट्याकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, जसं घरातल्या माणसाला विचारतात.

"पाटील, जनी बोलावत होती तवा म्या पान्यात उतरलो नाई. काऊन? तुमी सांगितलं म्हून. तुमी पाटील होते म्हून. आता तुमी म्हनता, म्या पाटील नाई. मंग म्या कोनाचं ऐकलं होतं?"

बकारामकाका खरंच उत्तर मिळेल अशा आशेनं थांबले, आणि मग घराकडं चालू लागले. सूर्य डोंगरामागं जायला लागला तेव्हा बाबांच्या चुलतभावाची जोडी पुढं काढली आणि पोळा फुटला. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, कोणी म्हटल्या नाहीत. पागोटं पारावरच राहिलं, पावसात भिजलं, पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही.

बाबा तालुक्याला गेले आणि साहेबांपुढं सगळं सांगून आले. साहेब भला माणूस होता म्हणे, खुर्ची दिली, आणि हसला. म्हणाला, "पटेल, हाकिम लोग अपने हुक्म तोड़कर इस्तीफ़ा देने लगें, तो कचेरी में बैठेगा कौन?" बाबांनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा कोणी हसलं नाही. बऱ्याच हेलपाट्यांनंतर पाटीलकी चुलतभावाच्या नावावर झाली. बाबांचा जीव हलका झाला असेल असं मला वाटलं होतं. नाही झाला. जेवता जेवता ते थांबायचे आणि पुटपुटायचे, "कोनाचं ऐकलं होतं?" माय म्हणायची, जेवा. रिकामा पाट मात्र शेजारी तसाच राहिला, उचलायचं कोणाला सुचलं नाही.

त्या दिवाळीला आक्का माहेरी आली. आली म्हणजे ओढ्यापलीकडं मोहाखाली येऊन उभी राहिली आणि तिथून तिनं हाक दिली, "बकारामकाका! येऊ का?" तीच जागा, तीच दुपार. बाबा ओसरीवरून उठले आणि परत बसले. बकारामकाका काठावर आले. म्हणाले, "ये, बाई." तेव्हा ती पाण्यात उतरली. पुढं दर खेपेला असंच. लेकरं झाली, ओढ्यावर फरशीचा पूल झाला, निजाम गेला, कचेरीतले फलक बदलले, पण आक्का पलीकडं थांबायची आणि विचारायची, आणि बकारामकाका काम टाकून यायचे आणि 'ये' म्हणायचे. यायला उशीर झाला तर ती उन्हात बसून राहायची. तिच्या नवऱ्यानंही कधी घाई केली नाही.

एका उन्हाळ्यात बकारामकाका वारले. आक्काला निरोप पोहोचायच्या आतच ती निघाली होती. मी तेव्हा सुटीत घरी होते. दुपारी हाक आली, "काका! येऊ का?" कोणीच गेलं नाही. तिनं पुन्हा हाक दिली. मग बाबा उठले. आता पार वाकले होते, काठी टेकत काठापर्यंत गेले, मी त्यांचा दंड धरून. ओढा कोरडा पडला होता. बाबांनी काठी उंच केली आणि म्हणाले, "बकाराम गेला, बाई. ये. म्या म्हनतो, ये."

आक्का उभी होती. तिचे डोळे भरलेले मला अलीकडून दिसत होते. तिला यायचं होतं. दिसतच होतं, फार यायचं होतं. ती म्हणाली, "तुमचं 'ये' एकदा ऐकलं म्या, बाबा."

तिनं शिदोरी सोडली, मोहाखाली बसून भाकर खाल्ली, उरलेला तुकडा मातीवर ठेवला आणि आल्या वाटेनं परत गेली. बाबा दिवस मावळेपर्यंत अलीकडच्या काठावर उभे होते. मी किती वेळा म्हटलं, घरी चला. ओढ्यात पाणी नव्हतं, वाटेला दोरी नव्हती, कायदा कधीच सुटला होता. पण त्यांचा पाय काही पलीकडं पडला नाही.